टाकाऊ पेटीतल्या शिंका

खोबऱ्याच्या पुढच्या दोन्ही पंजांची आतली बाजू ओलसर होती. फक्त आतली.

नीरजाने आधी पाण्याची वाटी पाहिली. वाटी जागच्या जागी होती, एक थेंबही सांडला नव्हता. पिंजऱ्यातलं गवत वरून कोरडं होतं. सशाचे मागचे पाय कोरडे, पोट कोरडं, शेपटीचा गोंडाही कोरडा. मग पंजेच तेवढे कसे भिजले? आणि नुसते भिजलेलेही दिसत नव्हते. तिथली लव एकत्र चिकटून तिचे बारीक टोकदार झुबके झाले होते, डिंकात बुडवून वाळवल्यासारखे.

"खोबऱ्या, कुठे हात घातला होतास रे?" तिने विचारलं.

खोबऱ्याने नाक हलवलं. तो पाठीवर तपकिरी आणि पोटाशी पांढराशुभ्र होता, म्हणून त्याचं नाव खोबऱ्या. नीरजा त्याच्याशी दिवसभर बोलायची, कारण बोलायला दुसरं कुणी नव्हतंच.

भैरवकडा पवनऊर्जा केंद्र पाटणच्या वर, एका उघड्या पठारावर होतं. तिथे बासष्ट पवनचक्क्या होत्या आणि तीन घरं. एका घरात नीरजा आणि तिची आई. आई केंद्राची मुख्य अभियंता. दुसऱ्या घरात बाजीकाका शेलार, पवनचक्क्यांची दुरुस्ती करणारे. तिसऱ्या घरात नीरजाची मैत्रीण इरा राहायची. पण वैशाखात इराच्या बाबांची बदली झाली, तिच्या सायकलीसकट सगळं सामान खाली गेलं, आणि त्या घराला कुलूप लागलं. नीरजाचे बाबा रत्नागिरीसमोरच्या समुद्रात तरंगत्या पवनचक्क्यांवर काम करत. त्यांचा फोन रविवारी यायचा. शाळा पडद्यावर भरायची. पडद्यावरच्या वर्गात एकवीस चेहरे होते, आणि तास संपला की ते एकवीसच्या एकवीस एका क्षणात नाहीसे व्हायचे.

मग उरायचा वारा. आणि खोबऱ्या. आणि कोपऱ्यात उभा असलेला कानोजी.

कानोजी हा केंद्राचा ऐकणारा यंत्रमानव. उंचीला नीरजाएवढा, खाली चाकं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना परातीएवढे गोल कान. हे नाव बाजीकाकांनी ठेवलं होतं. बासष्टही पवनचक्क्यांच्या आत बसवलेले छोटे ध्वनिग्राहक (आवाज टिपणारी उपकरणं) त्याला तारेने जोडलेले होते. यंत्र बिघडण्याच्या कितीतरी दिवस आधी त्याचा आवाज किंचित बदलतो. माणसाला तो बदल कळत नाही, पण कानोजीला कळायचा. त्यामुळे केंद्रात एक नियमच होता: कानोजीने सांगितल्याशिवाय कुणी मनोऱ्यावर चढायचं नाही, आणि कानोजी 'ठीक' म्हणाला की विषय संपला.

पाडव्याच्या सुमाराला नीरजाने त्याला सांगून ठेवलं होतं, "तू इथे उभाच असतोस, तर खोबऱ्याचंही ऐकत जा."

"कानोजी," ती आता म्हणाली, "खोबऱ्या कसा आहे?"

"श्वास मिनिटाला पन्नास," कानोजी आपल्या सपाट आवाजात म्हणाला. "विश्रांती घेणाऱ्या सशाचे श्वास मिनिटाला तीस ते साठ असतात. मर्यादेत आहे. शिंका शून्य. ठीक."

आई स्वयंपाकघरातून अंगात जाड कोट चढवतच बाहेर आली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. वाऱ्याचा हंगाम म्हणजे तिच्या कामाचा हंगाम.

"आई, खोबऱ्याचे पंजे बघ ना."

आईने वाकून पाहिलं. "घाण झालेत थोडे. पुसून घे."

"तसं नाही गं. काहीतरी वेगळं आहे. त्याने कालची कोथिंबीरपण अर्धी टाकलीय."

"कानोजी काय म्हणतो?"

"ठीक म्हणतो."

"मग झालं तर." आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "निरू, आज चार वाजता घाट बंद होतोय. वादळी वाऱ्याचा इशारा आलाय, निदान सहा दिवस गाडी जाणार नाही की येणार नाही. मला आत्ता सत्तेचाळीस नंबरला पोचायला हवं. तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे," नीरजा म्हणाली. रोज म्हणायची तसंच.

दार बंद झालं. वाऱ्याने ते एकदा बाहेरून ढकलून पाहिलं.

सहा दिवस! ड्रोनही येणार नाही. ज्या वाऱ्यासाठी माणसं या पठारावर राहत होती, तोच वारा ड्रोनला उडू देत नव्हता. बाजीकाका मात्र अडीच वाजता जीप घेऊन खाली आपल्या गावी चालले होते. म्हणजे खोबऱ्याला डॉक्टरकडे पाठवायचं असेल तर त्याच जीपने, नाहीतर नाहीच.

पण खोबऱ्या खाली गेला, तर सहा दिवस तो खालीच. मग या खोलीत बोलायचं कुणाशी? पंजे पुसून टाकले, तर ते कुणालाही दिसणार नव्हते. आईला नाही, बाजीकाकांना नाही. कानोजीनेही 'ठीक' म्हटलंच होतं.

तिने ओलं फडकं हातात घेतलं. खोबऱ्याने तिच्या अंगठ्याला नाक लावलं. नाक ओलं होतं.

नीरजाने फडकं खाली ठेवलं आणि पाटणच्या पशुवैद्यक डॉक्टर मुजावरांना पडद्यावरून हाक दिली.

डॉक्टर अंजुम मुजावर पडद्यावर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर कुणाचंतरी मांजर बसलं होतं. "बोल नीरजा. हे माझं नाही, पण उतरत नाही."

नीरजाने पंजे दाखवले. डॉक्टरांनी मांजराला बाजूला केलं आणि पडद्याजवळ आल्या.

"खरं सांग, तुला सर्दी झाली आणि रुमाल सापडला नाही, तर तू नाक कुठे पुसतेस?"

नीरजाने आधी इकडेतिकडे पाहिलं. "बाहीला."

"शाबास! सशाला बाही नसते. तो पुढच्या पंजांनी तोंड धुतो, आणि नाक वाहत असेल तर त्याच पंजांनी पुसतो. पंजांची आतली बाजू म्हणजे त्याचा रुमाल. नाक चकचकीत स्वच्छ दिसतं आणि रुमाल मात्र सगळं सांगून टाकतो."

"म्हणजे त्याला सर्दी झालीय? पण तो तर आजारी दिसतच नाही."

"दिसणारच नाही. रानातल्या सशांचा विचार कर. कोल्हा टपून बसलाय. पंचवीस ससे चरतायत. कोल्हा कुणाला धरेल?"

"जो हळू पळेल त्याला."

"किंवा जो आजारी दिसेल त्याला. म्हणून हजारो पिढ्यांपासून ससे एक गोष्ट शिकलेत: दुखलं तरी दाखवायचं नाही. तुझ्या घरात कोल्हा नाही, पण हे खोबऱ्याला कोण सांगणार? सशाचं आजारपण आपल्याला उघड दिसायला लागतं, तेव्हा ते बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून आपण बारीक खुणा शोधायच्या. खाणं किंचित कमी झालंय का? लेंड्या लहान किंवा कमी झाल्यात का? शिंका वाढल्यात का? बसल्याबसल्या श्वास भरभर चालतोय का?"

"नाक चोंदलं तर तो तोंडाने श्वास घेईल ना? मी घेते तसा."

डॉक्टरांनी मान हलवली. "तिथेच तर अडचण आहे. ससा श्वास घेतो तो नाकाने. त्याच्या घशाची रचनाच तशी आहे. एखादा ससा मान वर ताणून तोंड उघडून श्वास घेताना दिसला, तर समजायचं की तो बुडणाऱ्या माणसासारखा धडपडतोय. मग एक मिनिटही थांबायचं नाही. शिवाय नाक बंद म्हणजे वास बंद. वास नाही तर भूक नाही. आणि सशाचं पोट अर्धा दिवस रिकामं राहिलं तरी आतडी मंदावतात. कळलं का, नाकापासून निघालेला त्रास कुठवर जातो ते?"

नीरजाला कळलं. तिने खोबऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता सांग, महिनाभरात शिंका किती?"

"शून्य," कोपऱ्यातून कानोजी म्हणाला.

"कोण बोललं ते?"

"आमचा यंत्रमानव. तो चोवीस तास ऐकतो. त्याने एकही शिंक मोजलेली नाही."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "एकही नाही? गवताचा कण नाकात गेला तरी ससा शिंकतो. महिन्यात दोन-चार शिंका तर ठणठणीत सशालाही येतात. मला वीस सांगितल्या असत्यास तर मी काळजी केली असती. पण शून्य म्हटल्यावर मला शंका यायला लागलीय. शून्य म्हणजे नेहमी 'काही नाही' असं नसतं. कधी कधी शून्य म्हणजे 'आपण ऐकलंच नाही'." त्यांच्याकडे दुसरं कुणीतरी भुंकत आत आलं. "घाटातून आणायचं म्हणजे सशाला धसका बसतो, त्यामुळे उगाच नको. पण गरज असेल तर आजच हवं. मला दुपारी दोनपर्यंत नीट मोजून सांग."

पडदा काळा झाला.

नीरजा पिंजऱ्यासमोर जमिनीवर पालथी पडून राहिली. शाळेच्या तासाला कानावर लावायचे गोळे तिने आज लावलेच नाहीत. बाहेर पाती घूं-घूं फिरत होती. एवढ्या आवाजात सशाची शिंक कोण ऐकणार? ती तर एखाद्याने काडी मोडावी एवढीशी.

अकरा वाजून गेले. साडेअकरा. आणि मग खोबऱ्याचं डोकं एकदम खाली गेलं.

फित्!

"कानोजी! शिंकला! मोजलीस?"

"शिंका शून्य."

"अरे, आत्ता शिंकला!"

"शून्य," कानोजी म्हणाला.

तेवढ्यात दारातून वारा, थोडं धुकं आणि बाजीकाका असे तिघेही एकदम आत आले. "काय गं निरे, त्या ठोकळ्याशी भांडतीस व्हय? अडीचला निघनार हाय मी. खालनं काय आनायचं आसंल तर आत्ताच सांग, सहा दिस गाठ नाय."

"काका, कानोजी बहिरा झालाय. त्याला खोबऱ्याची शिंक ऐकू येत नाही."

"ह्यो आन् बहिरा? आगं, बेचाळीस नंबरचा बोल्ट ढिला झाला तर ह्याला हितं बसून कळतंय!" बाजीकाकांनी टोपी काढून झटकली. "केवढी व्हती शिंक?"

"एवढीशी. फित्."

बाजीकाका हसायचे थांबले. त्यांनी कान खाजवला. "आरं तिच्या. मग ती पेटीत गेली आसंल."

"कुठल्या पेटीत?"

"टाकाऊ पेटीत. ती म्याच करायला लावली ह्याला." ते खुर्ची ओढून बसले. "सुरवातीला ह्यो कशालाबी बोंबलायचा. पात्यावर वाळूचा खडा आपटला, टक! की ह्याची हाळी, 'बिघाड, बिघाड.' दोनशे मीटर चढून वर जावं, तर तिथं काय? भुंगा! आपटून मेल्याला. तीन भुंग्यांसाठी तीनदा चढलो मी. गुडघं गेलं माजं. मग शिकिवलं ह्याला, अर्ध्या सेकंदापेक्षा छोटा आवाज आला तर तो कचरा समजायचा. मोजायचा न्हाय, बोंबलायचं न्हाय, गप पेटीत टाकायचा."

"आणि पेटीतलं पुढे काय होतं?"

"पाडव्याला साफ केली व्हती. आता आषाढ सरला की करायची. पुढच्या आठवड्यात."

नीरजा ताडकन उठून बसली. "म्हणजे चार महिन्यांचे सगळे छोटे आवाज अजून त्यात आहेत?"

कानोजीचे कान तिच्याकडे वळले. "आहेत. नऊ लाख चौदा हजार दोनशे सहा."

शास्त्रज्ञ दोन शब्द नेहमी वापरतात. ज्या आवाजातून आपल्याला हवी ती बातमी मिळते तो संकेत, आणि ज्यातून मिळत नाही तो गोंगाट. पण गंमत अशी, की आवाज स्वतःच्या कपाळावर 'मी संकेत' किंवा 'मी गोंगाट' असं लिहून येत नाही. ते ठरतं आपण काय विचारतो त्यावरून. पवनचक्कीचं यंत्र कसं आहे असं विचारलं, तर भुंग्याची टक् हा गोंगाट. पठारावर भुंगे किती आहेत असं विचारलं, तर तीच टक् हा संकेत. कानोजीला सगळ्यांनी यंत्रांबद्दलचाच प्रश्न शिकवला होता. सशाबद्दल विचारताना उत्तरं शोधायची रीत मात्र कुणीच बदलली नव्हती.

"कानोजी," नीरजा म्हणाली, "आत्ता साडेअकराच्या सुमाराला या खोलीत एक आवाज आला. फित्. तो पेटीतून काढ."

पण नुसतं 'सुमाराला' म्हणून भागत नव्हतं. त्या दहा मिनिटांत पेटीत चौदा आवाज पडले होते. कानोजीने एकेक ऐकवला. खिडकीची कडी. वाटीवर घासलेले दात. तिच्याच कोपराचा फरशीवर आपटलेला आवाज. नववा आवाज आला, फित्!, आणि नीरजा ओरडली, "हाच!"

"हा नमुना धर. याच्यासारखे सगळे आवाज शोध, आणि कुठल्या दिवशी किती ते सांग."

कानोजीला शोधायला दोन मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बाजीकाका पिंजऱ्यात डोकावून म्हणाले, "काय राव, नऊ लाखांत लपून बसलास व्हय?"

मग आकडे आले. नीरजाने खडू घेतला आणि खोलीच्या भिंतीवरच आलेख (आकड्यांचा चढ-उतार दाखवणारं चित्र) काढायला घेतला. आडवे आठवडे, उभ्या शिंका. चैत्रात दिवसाला एखादी, कधी तीही नाही. वैशाखात तसंच. ठिपके जमिनीलगत सरळ रांगेत चालले होते. ज्येष्ठाच्या मध्यावर दिवसाला चार. पुढच्या आठवड्यात सात. मग अकरा, चौदा, सोळा. या आठवड्यात एकोणीस. काल तेवीस.

ठिपका काढायला नीरजाला खुर्चीवर चढावं लागलं.

"आणि श्वास? आजचे पन्नास. चैत्रात किती होते?"

"छत्तीस."

"मग तू ठीक कसं म्हणालास?"

"छत्तीस मर्यादेत आहे. पन्नास मर्यादेत आहे."

नीरजा खुर्चीवरच थांबली. तीस ते साठ ही सगळ्या सशांची मर्यादा होती. खोबऱ्याची स्वतःची चाल छत्तीसची होती. रोज सावकाश चालणारी एखादी आजी एक दिवस अचानक धावायला लागली, तर 'माणसं एवढी धावतातच' म्हणून गप्प बसायचं का? तुलना करायची ती जगातल्या सगळ्या सशांशी नाही, तर बऱ्या असलेल्या खोबऱ्याशी!

"पर ज्येष्ठातच का सुरू झालं?" बाजीकाका भिंतीकडे बघत म्हणाले. "तवा काय झालं व्हतं?"

इरा गेली त्याला तेव्हा महिना झाला होता, हे आधी नीरजाच्या मनात आलं. पण त्याने ससा कशाला शिंकेल? मग तिची नजर खिडकीवर गेली. चौकटीभोवती रुंद चंदेरी पट्टी घट्ट चिकटवलेली होती. पवनचक्कीच्या मनोऱ्याची झाकणं बंद करायची हीच पट्टी. वाऱ्याचा हंगाम आला की केंद्रातली माणसं घराच्या खिडक्यांनाही ती लावून टाकायची. त्याला ती 'खिडक्या बांधणं' म्हणत. आईने या वर्षी ज्येष्ठाच्या सुरुवातीला खिडक्या बांधल्या होत्या, आणि मनोरा बांधतात तशाच बांधल्या होत्या. हवेला आत-बाहेर जायला केसाएवढीही फट नव्हती.

नीरजा खाली उतरली. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, खोबऱ्या झोपायचा तिथेच, तिने गवताचा वरचा थर बाजूला केला आणि नाक खाली नेलं.

"ई! काका, डोळे झोंबतात!"

तो अमोनिया (मूत्र कुजताना निघणारा तिखट वासाचा वायू) होता. उभं राहून वावरणाऱ्या माणसांना तो जाणवत नव्हता, आणि जो थोडासा जाणवत होता त्याची नाकांना सवय झाली होती. खोबऱ्याचं नाक मात्र दिवसरात्र त्यालाच टेकलेलं.

दीड वाजता डॉक्टर पुन्हा पडद्यावर आल्या. नीरजाने कॅमेरा भिंतीकडे वळवला आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी एकदाही मध्ये अडवलं नाही.

"नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर अगदी सूक्ष्म केसांसारखे धागे असतात," त्या शेवटी म्हणाल्या. "ते सतत हलून धूळ आणि जंतू बाहेर लोटतात, झाडूवाल्यांसारखे. अमोनियाने ते लुळे पडतात. काही जंतू सशाच्या नाकात एरवीही गुपचूप राहत असतात. झाडूवाले संपावर गेले की त्यांचं फावतं. आधी नाक, मग सायनस, मग फुप्फुसं. तू त्याला नाकाशीच गाठलंयस असं मला वाटतंय, पण सहा दिवसांनी मी असं म्हणू शकले नसते. पाठवून दे."

"तोपर्यंत घरातलं काही औषध देऊ?"

"मुळीच नाही! माणसांच्या औषधांतली काही सशाच्या पोटातले उपयोगी जंतू मारून टाकतात. त्याने ससा दगावतो. त्याच्या सवयीचं गवत बरोबर दे, खोका हवेशीर ठेव, आणि बाजीकाकांना सांग की वळणावर गाडी हळू घ्या."

आई पावणेदोनला जेवायला आली. दारातच ती थबकली. भिंतीवर जमिनीपासून तिच्या डोक्याच्याही वरपर्यंत खडूचे ठिपके चढत गेले होते. अशा रेघा ती रोज बघायची, यंत्रांच्या. तिला समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या चढाच्या ठिपक्यावर तिने बोट ठेवलं, मग खिडकीकडे पाहिलं.

"ही पट्टी मीच लावली," ती हळूच म्हणाली. "तू सकाळी सांगत होतीस आणि मी कानोजीला विचारलं."

तिने खिशातून सुरी काढली आणि वरची पट्टी टराटरा फाडली. वारा शीळ घालत आत आला.

अडीच वाजता जीप निघाली. पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला खोका, आणि खोक्याच्या भोकातून दिसणारं हलतं नाक. बाजीकाका म्हणाले, "निरे, तू बी चल की. माझ्या सूनबाईकडं ऱ्हा." क्षणभर तिला वाटलं, जावं. पण ती गेली असती तर आई या पठारावर एकटी राहिली असती. तिने मान हलवली. धुक्याने आधी जीप गिळली आणि मग तिचा आवाज.

घरी येऊन तिने पिंजरा पाण्याने आणि व्हिनेगरने धुतला, गवताची जुनी गादी बाहेर टाकली. संध्याकाळ व्हायला लागली. "खोबऱ्या, आता बघ कसा..." ती म्हणाली आणि गप्प झाली. रिकाम्या पिंजऱ्याशी बोलताना आपलाच आवाज परका वाटत होता.

दिवेलागणीला आई परतली. आज ती लवकर आली होती. दोघी चहा आणि दूध घेऊन बसल्या.

तेव्हा कानोजी म्हणाला, "पेटीत आणखी एक आवाज बदलला आहे. आज आवाजांचे वाढते-घटते आकडे शोधायला शिकलो. सांगू?"

"सांग," आई म्हणाली. तिला वाटलं, पवनचक्कीचंच काही असेल.

"या खोलीतला आहे. छोटे छोटे सुटे आवाज, एकापाठोपाठ येणारे. प्रत्येक अर्ध्या सेकंदापेक्षा कमी. चैत्रात दिवसाला सरासरी चाळीस वेळा. वैशाख संपताना अकरा. आता दोन दिवसांत एकदा." आणि त्याने नमुना ऐकवला.

ते नीरजाचं हसणं होतं. इराबरोबर कशालातरी फिदीफिदी हसतानाचं.

नीरजाने मान खाली घातली. कपातल्या दुधावरच्या सायीकडे ती बघत राहिली. आईने तिच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "मी रोज विचारते, तेव्हा तू 'बरी आहे' म्हणतेस."

"तू दमलेली असतेस," नीरजा पुटपुटली.

"लपवायला तू सशाकडून शिकलीस का ससा तुझ्याकडून?" आई म्हणाली. मग तिने कोपऱ्याकडे वळून विचारलं, "कानोजी, माझं किती?"

"तुमचं हसणं," कानोजी म्हणाला, "चार महिन्यांत शून्य."

नीरजाने वर पाहिलं. डॉक्टर शून्याबद्दल काय म्हणाल्या होत्या ते तिला आठवलं. "आई, शून्य म्हणजे त्याने ऐकलंच नसेल," ती म्हणाली.

"नाही गं," आई म्हणाली. "हे त्याने बरोबर ऐकलंय."

दोघी जवळ सरकून बसल्या. बाहेर बासष्ट पवनचक्क्या फिरत होत्या आणि मोकळ्या केलेल्या फटीतून गार हवा येत होती. "घाट उघडला की आपण दोघी खाली जाऊ," आई म्हणाली. "खोबऱ्याला आणू, इराकडे दोन दिवस राहू. आणि आठवड्यातून दोन दिवस तू खालच्या शाळेत बसायला लाग. सोमवारची गाडी जातेच. हे मी आधीच..."

पडदा खणखणला. डॉक्टर मुजावर होत्या, मागे बाजीकाका.

"फुप्फुसं साफ आहेत!" डॉक्टर म्हणाल्या. "त्रास नाकापुरताच आहे. औषध सुरू केलंय, वाफाराही दिलाय. आत्ताच मेथी मागून खाल्ली. आणखी पंधरा दिवसांनी आणला असता तर मी एवढी निश्चिंत नसते. तू वेळेवर ऐकलंस, नीरजा."

"मेथी तेवढी सांगताय," बाजीकाका मागून म्हणाले. त्यांच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या सदऱ्यावर पोटापाशी भलामोठा पिवळा डाग होता. "घाट आख्खा गपगुमान उतारला त्यो. म्हटलं, शहाणा हाय. म्हनून कौतुकानं उचलून मांडीवर घेतला, तर धरन फुटावं तशी... आन् वर माझ्याच तोंडावर शिंकलं बेनं!"

आधी नीरजाच्या नाकातून आवाज निघाला. मग आईचा चहा सांडला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग काही केल्या थांबवेना.

पडदा मावळला तरी थोडं थोडं हसू येतच होतं. कोपऱ्यात कानोजीचे दोन्ही मोठे कान त्यांच्याकडे वळले होते.

"दोन प्रकारचे आवाज," तो म्हणाला. "अर्ध्या सेकंदापेक्षा छोटे. पेटीत टाकू?"

"अजिबात नाही," आई डोळे पुसत म्हणाली. "बाहेर ठेव. आणि रोज मोजत जा."